नाशिकहून एका दिवसात समुद्र: त्र्यंबक, जव्हार, डहाणू, बोर्डी आणि परत

नाशिककराला समुद्र आठवला की तो आधी अलिबाग म्हणतो, मग दिवेआगर म्हणतो, मग रजा मोजतो आणि शेवटी गंगापूर धरणाच्या काठावर कणीस खाऊन घरी येतो. आम्हीही कित्येक वर्षं तेच केलं. खरं म्हणजे आपल्याला जवळचा समुद्र डहाणूचा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी करत गेलं की दीडशे किलोमीटरच्या आसपास डहाणू येतं. पुढे सतराएक किलोमीटर किनाऱ्याकाठचा रस्ता, की बोर्डी. पहाटे निघून रात्री जेवायला घरी येता येतं. रस्ताही असा, की समुद्र नसता तरी जावंसं वाटलं असतं.

मात्र या सहलीचा बेत रविवार बघून आखायचा नाही, तिथी बघून आखायचा. हे मी चुकून शिकलो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी पंचांग, मग गाडीची किल्ली

पहिल्यांदा गेलो तेव्हा आई, सौ., पोरगा आणि मी असे चौघं होतो. दुपारी बाराच्या सुमारास डहाणूच्या पारनाक्याजवळ किनाऱ्यावर उतरलो. समोर नुसता ओला, काळपट सपाट प्रदेश. पाणी कुठेतरी लांब, चमकणाऱ्या रेघेसारखं. आई चष्मा पुसत म्हणाली, "अरे, समुद्र कुठंय?" पोरगा पाण्याच्या दिशेने धावत सुटला आणि पन्नास पावलांवर घोट्यापर्यंत चिखलात रुतला. एक सँडल हाती आली, दुसरी डहाणूलाच राहिली.

तिथे जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी सगळा तमाशा पाहिला होता. म्हणाले, "आज अष्टमी ना भाऊ? अष्टमीला दुपारी पाणी नसतं." मग त्यांनी हिशोब सांगितला. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची; येईल ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती आणि मधे बाराच्या सुमारास पुरी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्याचाच हा हिशोब. गावागणिक अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे निघण्याआधी मोबाईलवर डहाणूचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून घ्यावा. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

डहाणू-बोर्डीचा किनारा फार सपाट आहे. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असल्यामुळे भरती-ओहोटीतला फरकही इथे मोठा. म्हणून ओहोटीला पाणी खूप लांब जातं. आपण नाशिकहून निघून दुपारी बाराला पोचणार आणि साडेतीनला परत फिरणार. तेव्हा पाणी आपल्या वेळेत काठाशी यायला हवं असेल, तर प्रतिपदा, द्वितीया, तृतीया हे दिवस धरा. द्वितीया सगळ्यात सोयीची: आपण पोचतो तेव्हा पाणी चढत असतं, दीड-दोनला भरपूर असतं आणि आपण निघायच्या सुमारास उतरायला लागतं. महिन्यातून दोन द्वितीया येतात. त्यातली एखादी शनिवारी-रविवारी आली की गाठायची.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारचं ऊन सोसत नाही. ताडगोळ्यांसाठी एप्रिलात जाणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. पावसाळ्यात जव्हारपर्यंतचा रस्ता डोळ्यांचं पारणं फेडतो, पण मग डहाणूला न जाता जव्हारहूनच मागे फिरा. खवळलेल्या समुद्रात काही करता येत नाही आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने ताटातही बर्फातलंच येतं.

आणखी दोन तारखा टाळा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते. तिच्या आधीचे दोन-तीन दिवस नाशिक-त्र्यंबक रस्ता दिंड्यांचा असतो, गाड्यांचा नाही, आणि तसाच तो असावा. दुसरी, चैत्र पौर्णिमेपासून चारोटीजवळच्या महालक्ष्मीची यात्रा. यात्रेलाच जायचं असेल तर जरूर जा, पण मग समुद्र त्या दिवशी विसरा.

साडेपाचला निघायचं म्हणजे साडेपाचलाच

एकूण फेरी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरची होते. पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला बावीस-तेवीस लिटर तेल. टाकी आदल्या रात्री नाशिकलाच भरा. वाटेत पंप आहेत, पण भल्या पहाटे ते उघडे सापडतील या भरवशावर घाट चढू नये. टायरची हवा, स्टेपनीतली हवा आणि वायपरचं पाणी बघा. घाटात धुकं आणि पुढे लाल धूळ, दोन्हीला काच पुसावी लागते. उलटी होणारी मंडळी पुढे बसवा. मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. त्र्यंबक सोडलं की जव्हारपर्यंत रेंज येते-जाते.

डिकीत काय हवं: प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, जुने टॉवेल, पाय धुवायला पाण्याचा पाच लिटरचा कॅन, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि घट्ट झाकणाचा एक मोठा डबा. डबा कशासाठी ते पुढे येईल.

सातपूर, महिरावणी, तळेगाव फाटा, मग डावीकडे अंधारात अंजनेरीचा डोंगर. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून ज्याला आपण मानतो तो हाच. अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, पायथ्याशी जुनी जैन मंदिरं आहेत. पण ती एखाद्या रविवार सकाळची कामं, आज नाही. त्र्यंबकलाही थांबायचं नाही. "आलोच आहोत तर दर्शन घेऊन जाऊ" हे वाक्य गाडीत कोणीतरी बोलणारच. आमच्याकडे आई बोलते. मी ब्रह्मगिरीकडे तोंड करून गाडीतूनच हात जोडायला सांगतो. देवळाच्या रांगेत दोन तास गेले की भरती चुकली. सिंहस्थ जवळ आला की या रस्त्याचं काही ना काही काम निघतंच, म्हणून अर्ध्या तासाची गंगाजळी वेळेत ठेवा.

त्र्यंबकपर्यंत तीस किलोमीटर, पाऊण तास. गावात न शिरता जव्हारच्या रस्त्याला लागलं की गाडीची खिडकी खाली करायची. इथून सह्याद्रीची धार ओलांडून आपण खाली उतरणार. तोरंगण घाटात हिवाळ्यात उजाडतं. वळणं अवघड, कठडे कुठे आहेत कुठे नाहीत. उतरताना दुसरा-तिसरा गियर ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका. फोटोसाठी वळणावर थांबायचं नाही. वळण संपून रस्ता सरळ झाला, खांदा रुंद दिसला की थांबा. खाली दरीत धुक्याचं दूध ओतलेलं असतं आणि वर डोंगरांचे माथे तेवढे कोरडे. पाच मिनिटं पुरतात. पाच म्हणजे पाच.

घाट उतरलात की नाशिक जिल्हा संपून पालघर लागतो. हा जिल्हा २०१४ सालचा, त्याआधी सगळं ठाणे होतं. मोखाड्याच्या आसपास भाषा बदलते, घरं बदलतात. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं, कडेला नागलीची आणि वरईची रिकामी झालेली शेतं. सकाळी शाळेत चालत जाणारी पोरं रस्त्याच्या मधून चालतात. हॉर्न न वाजवता वेग कमी करा.

जव्हार: नाश्ता, आणि संध्याकाळचं बुकिंग

आठ-सव्वाआठला जव्हार. थांबा तासाभराचा. एसटी स्टँडच्या आसपास वडा, पोहे, भजी, चहा मिळतो. मिसळीची तुलना नाशिकशी करू नका, उगाच दिवस खराब होतो.

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. सहाशेपेक्षा जास्त वर्षं टिकलेलं हे महादेव कोळी राजघराणं; मुंबई-नाशिकच्या इतक्या जवळ असं राज्य होतं हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना माहीत नसतं. गावाबाहेर टेकडीवर दगडी जयविलास राजवाडा आहे. आत जायला मिळेलच असं नाही. तिथे पोचल्यावर विचारा, नाही म्हणाले तर बाहेरूनच घुमट बघून फिरा. त्यापेक्षा मला शिरपामाळ आवडतो. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला होता आणि जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं, मानाचा शिरपेच दिला-घेतला गेला, म्हणून हा शिरपामाळ, असं इथे सांगतात. माळ उघडा, वारा मोकळा. आपण आत्ता ज्या वाटेने उतरतोय, तिने कधी काळी घोडदळ गेलं असेल हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

हनुमान पॉइंटवरून दरी छान दिसते. सूर्यास्त पॉइंट मात्र सकाळी बघू नका, तो संध्याकाळसाठी राखून ठेवा. दाभोसा धबधबा जव्हारपासून वीसएक किलोमीटर आत आहे. तो या दिवसात बसत नाही, कोंबायचा प्रयत्नही करू नका. सव्वानऊला जव्हार सोडायचं.

कासा, चारोटी, गंजाड

जव्हारहून कासा-चारोटी सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटर, उताराचा आणि जंगलातला रस्ता. तास-सव्वातास धरा. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. सकाळपासून रिकाम्या रस्त्यावर सैलावलेला हात इथे सावरावा लागतो. कंटेनर, ट्रेलर आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या एकाच वेळी समोर येतात.

महामार्गालगतच विवळवेढ्याची महालक्ष्मी. मागे सुळक्यासारखा उभा डोंगर दिसतो, तो देवीचा गड. यात्रेत त्याच्या टोकावर ध्वज चढतो आणि तो ध्वज परंपरेने जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येतो. सकाळी जव्हार बघितलेलं असलं की हा धागा जुळतो. आईचं त्र्यंबकचं राहिलेलं दर्शन इथे वसूल होतं, वीस मिनिटांत.

चारोटी ते डहाणू पंचवीसएक किलोमीटर. या वाटेवर गंजाड लागतं. वारली चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे याच भागातले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आजही आसपासच्या पाड्यांवर चित्रं काढणारी कुटुंबं आहेत. रस्त्याकडेला पाटी दिसली तर थांबा आणि काम चालू असलेलं बघा. बांबूची काडी टोकाशी चेचून केलेला कुंचला, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, गेरूची किंवा शेणाची जमीन. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पण नीट बघितलं तर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवतीची नाचणाऱ्यांची साखळी कधी पुरी बंद होत नाही, गोल फिरत आत वळत जाते. मूळचं चित्र हे लग्नाच्या चौकाचं, सवाशिणींनी भिंतीवर काढायचं; कागद-कापडावर ते नंतर आलं. घ्यायचं असेल तर घासाघीस करू नका. टी-शर्टवर छापलेला तारपा नाशिकमध्येही मिळतो, इथे हाताने काढलेलं घ्या.

डहाणू ते बोर्डी: सतरा किलोमीटरला साडेतीन तास

बारा वाजलेत, आता घाई नाही. सकाळी आपण जी मिनिटं वाचवली ती इथे उधळायची.

पारनाक्यावरून उत्तरेला वळलं की समुद्र डाव्या हाताला येतो. म्हणजे जाताना डावीकडच्या खिडकीत पोरं आणि आई. येताना त्यांनी आणि आपण जागा बदलायची. आगर, नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी अशी गावं एकाला एक लागून. रस्ता अरुंद, एका बाजूला सुरूची बनं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. सुरूतून वारा जातो तेव्हा समुद्राचा आवाज कुठला आणि झाडांचा कुठला हे कळत नाही. तीस-पस्तीसच्या वर काटा नेऊ नका. वाड्यांतून अचानक बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा सायकलवरची आजी निघते.

इतकं हिरवं इथे अजून कसं शिल्लक राहिलं, त्यालाही कारण आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि कारखान्यांवर बंधनं आली. इथल्या लोकांची त्यावर दोन मतं आहेत. वाडीवाला एक सांगतो, नोकरी शोधणारा पोरगा दुसरं. वडापावच्या गाडीवर विषय काढून बघा.

जेवण साडेबारालाच उरकून घ्या, कारण दीडनंतर रांगा लागतात. किनाऱ्यावरच्या घरगुती खाणावळीत पापलेट, बोंबील, कोळंबी. आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं बरं. आमच्यासारखं अर्धं घर शाकाहारी असेल तरी अडत नाही, गुजराती थाळी जागोजागी आहे. हिवाळ्यात रस्त्याकडेला मातीची मडकी उपडी घालून धुमसताना दिसली तर तिथे थांबाच. ते उंबाडियू. वालपापडी, कंद, रताळं, बटाटा हिरव्या मसाल्यात घोळून, पाल्याने तोंड बंद करून मडक्यात भाजतात. मडकं फोडल्यासारखं उघडतात तेव्हा जो वास येतो तो आमच्या पोराला पापलेटपेक्षा आवडला. सोबत हिरवी चटणी. हात भाजतात, फुंकर मारत खायचं.

मग पाणी. नरपड आणि चिखल्याचा किनारा मला बोर्डीपेक्षा पसंत आहे, माणसं कमी असतात. नियम दोनच. पाणी चढत असताना गुडघा-मांडीपर्यंत जायचं आणि ओहोटी लागली की बाहेर यायचं. ओहोटीचं पाणी सपाट किनाऱ्यावरही पायाखालची वाळू ओढत नेतं. प्रतिपदा-द्वितीयेच्या भरत्या मोठ्या असतात, तेवढीच ओढही मोठी. आपण नाशिकचे लोक गोदावरीत पोहायला शिकलेले. त्या पोहण्याचा इथे माज करायचा नाही.

दुसरी गोष्ट गाडीची. वाळूवर चाकांच्या खुणा दिसतात, वाळू टणक वाटते आणि मोह होतो. आमच्या दुसऱ्या फेरीत मला झाला. पन्नास फूट आत नेली, वळवायला गेलो आणि पुढचं उजवं चाक जागेवर फिरायला लागलं. जितका ॲक्सिलेटर दाबला तितकी गाडी पोटावर बसली. भरती चढत होती, सौ. काही बोलत नव्हती, हे जास्त भीतीदायक. शेवटी तीन गोष्टींनी सुटलो: चाकापुढची वाळू हाताने उकरली, चाकाखाली पायपुसण्या आणि सुरूच्या वाळक्या फांद्या घातल्या, आणि पुढच्या टायरमधली हवा बरीचशी सोडली. टायर पसरला, पकड आली. क्रिकेट सोडून आलेल्या आठ पोरांनी ढकललं आणि मी दुसऱ्या गियरवर, स्टीअरिंग न वळवता, सरळ बाहेर काढली. मग हळूहळू हवा भरायचं दुकान शोधत फिरलो. तेव्हा गाडी रस्त्याकडेला लावा आणि चालत जा. पोरांना मात्र कोल्ड्रिंक पाजायला विसरू नका.

घोलवडला चिकू. इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, जात कालीपत्ती. वाडीच्या दारातच टोपल्या मांडलेल्या असतात. घेताना मऊ चिकू शोधू नका, ते घाटात लगदा होतात. कडक घ्या, पण तयार झालेले. ओळख अशी: सालीवरची तपकिरी भुरी अंगठ्याने चोळली की सहज निघाली पाहिजे. मग नखाने साल अगदी किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं किंवा चीक आला तर फळ कोवळं, घरी नेऊन नुसतं सुरकुतेल. पिवळसर दिसलं तर घ्या. वाडीवाल्याला विचारून एकच फळ खरवडायचं, टोपली नाही.

बोर्डीला पोचायला अडीच वाजतात. लांबलचक किनारा, पारशी बंगले, शाळा, शांत गाव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं ते इथे, आणि पुढे ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना या पट्ट्यात रुजली. आई आयुष्यभर बालवाडीत शिकवत होती. कोसबाडचा फाटा दिसला तेव्हा ती इतका वेळ गप्प होती की आम्ही न विचारताच गाडी वर नेली. त्या दिवशी सूर्यास्त हुकला. ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांनी हा अर्धा तास धरूनच चालावं.

बोर्डीच्या पुढे झाई, मग गुजरात. उदवाड्याला पारशांचं इराणशाह आतषबेहराम, म्हणजे मोठं अग्निमंदिर आहे, पण आत फक्त पारशांना प्रवेश, आणि आपल्याकडे वेळही नाही. पारशांचं जुनं गाव संजाण आक्रमणात पडल्यावर हाच पवित्र अग्नी काही वर्षं ज्या बहरोटच्या गुंफांत लपवून ठेवला होता, त्या बोर्डीजवळच्याच डोंगरात आहेत. तो अर्ध्या दिवसाचा चढ आहे, त्यासाठी मुक्कामी या.

निघता निघता सुके बोंबील. बांबूच्या वलांडीवर तोंडात तोंड अडकवून टांगलेल्या बोंबलांच्या रांगा हिवाळ्यात कोळीवाड्यांत दिसतात. घेताना हातात धरून वाकवा. रंग पांढरट-पिवळा हवा, तपकिरी नको. वाकवल्यावर कुरकुरीत वाटलं पाहिजे, दमट लागलं तर सोडून द्या. आता तो डबा आणि वर्तमानपत्रं काढायची: आधी कागदाचे तीन थर, मग पिशवी, मग डबा, मग डिकी. पहिल्या वेळी नुसत्या पिशवीत आणले होते. आठ दिवस माझ्याबरोबर ऑफिसला यायला कोणी तयार नव्हतं.

सूर्यास्त समुद्रावर बघायचा नाही

इथे सगळ्यांचं माझ्याशी भांडण होतं. समुद्रावर येऊन सूर्यास्त न बघता निघायचं? हो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. बोर्डीचा सूर्यास्त बघून निघालात तर अंधारात महामार्ग ओलांडायचा, अंधारात जंगलाचा रस्ता, आणि तोरंगण घाट रात्री साडेनऊ-दहाला, थकलेल्या ड्रायव्हरच्या हाती. आम्ही एकदा केलंय. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपत होते आणि मागे सगळे झोपलेले.

त्याऐवजी बोर्डी साडेतीनला सोडा, फेब्रुवारीत असाल तर चारला. आल्या वाटेने डहाणू, चारोटी, कासा. अडीच तासांत जव्हार, आणि तिथला तो राखून ठेवलेला सूर्यास्त पॉइंट. सूर्य पश्चिमेला डोंगरांच्या रांगांमागे जातो. दुपारी आपण ज्या दिशेच्या पाण्यात उभे होतो, त्याच दिशेला. दरी आधी तांबडी होते, मग जांभळी, मग खालच्या पाड्यांवर एकेक दिवा लागतो. तोवर अवघड निम्मा रस्ता मागे पडलेला असतो आणि घर ऐंशी किलोमीटरवर आलेलं असतं.

जव्हारला चहा घेऊन साडेसहाला निघालं की तोरंगण घाट पावणेआठच्या आसपास लागतो आणि या वेळी तो चढायचा असतो, उतरायचा नाही. चढताना गाडी ताब्यात राहते. धुकं असेल तर फॉग लाइट किंवा लो बीम, हाय बीम नको, समोर पांढरी भिंत उभी राहते. दुसरा कोणी गाडी चालवणारा असेल तर जव्हारलाच त्याच्या हाती द्या.

पेठ-कपराडामार्गे परत येता येतं असं कोणी सुचवेल. येतं, पण त्या घाटात रात्री अवजड गाड्यांची रांग असते. महामार्गाने भिवंडी, कसारा करूनही येता येतं. अंतर फार वाढतं आणि रविवारी संध्याकाळी अख्खी मुंबई आपल्याबरोबर असते. मी आल्या वाटेनेच येतो.

साडेआठपर्यंत त्र्यंबक नाका. बोंबलाचा डबा रात्रीच गाडीतून काढा. चिकू वर्तमानपत्रावर एका थरात पसरून ठेवा, फ्रीजमध्ये घालू नका. चार-पाच दिवसांत एकेक पिकत जातो. आणि दुसऱ्या दिवशी गाडी वरून नाही, खालून धुऊन घ्या. खाऱ्या हवेचा आणि वाळूचा थर चाकांच्या आतल्या बाजूला बसलेला असतो. आमच्या पायपुसण्यांतून सुरूची बारीक बोंडं अजून निघतात.